संतापाचे विश्वस्त

(उपनगरातील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला नेमून दिलेला विषय 'भावनांचे नियमन, स्वभावातील बलस्थाने आणि नेतृत्व' असा भारदस्त आहे. आणि या विषयावरील इंग्रजी पुस्तकांचे व त्यांच्या मराठी अनुवादांचे ढीग अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाबाहेरच्या पदपथावर कोणालाही पाहावयास मिळतात. या पुस्तकांचा नायक बहुधा परदेशातील एखाद्या कंपनीचा अध्यक्ष असतो. तो पहाटे उठतो, ध्यान करतो, रागावर ताबा मिळवतो आणि यथावकाश कंपनीचा नफा वाढतो. या उपदेशात खोटे असे काही नाही. परंतु ज्याचा राग त्याच्या एकट्याचा आहे आणि तो आवरल्याचा लाभही ज्याच्या एकट्याच्याच पदरात पडावयाचा आहे, अशा माणसाची ती हकिकत असल्यामुळे, चार माणसांच्या वतीने उभे राहण्याची ज्याच्यावर पाळी येते त्याला तिचा उपयोग बेताचाच होतो. म्हणून मी माझे उदाहरण दहिसर ते वांद्रे आणि मुलुंड ते कुर्ला या आपल्याच मुलखातून घेणार आहे. आणि ज्या बाईंनी गोरेगावच्या नळाच्या प्रश्नापासून आरंभ करून विधानसभा, तुरुंग आणि लोकसभा अशी मजल मारली, त्या मृणालताई गोरे यांच्या सार्वजनिक चरित्राकडे मी आज केवळ या एका दृष्टीने पाहणार आहे.

भावनांविषयीचा आपला परंपरागत विचार मुख्यतः मुमुक्षूसाठी झालेला आहे. काम, क्रोध, लोभ आदी विकारांना आपण रिपू म्हटले, स्थितप्रज्ञाची लक्षणे मुखोद्गत केली आणि जो क्रोध गिळतो त्याला साधू ठरवले. ज्याला केवळ स्वतःच्या मुक्तीची चिंता आहे त्याला ही शिकवण पुरेशी आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने मात्र या प्रश्नाचा विचार नागरिकाच्या बाजूने केला, आणि रागावणे कोणालाही साधते, परंतु योग्य माणसावर, योग्य प्रमाणात, योग्य वेळी, योग्य हेतूने आणि योग्य रीतीने रागावणे फार थोड्यांना साधते, अशा आशयाचे विवेचन त्याने केले. आधुनिक काळात, १९९० साली, पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना शास्त्रीय परिभाषेत मांडली. १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घरोघर पोहोचवली. आणि २००४ साली ख्रिस्तोफर पीटरसन व मार्टिन सेलिगमन यांनी मानवी स्वभावातील २४ बलस्थानांची सहा सद्गुणांच्या सदरांखाली वर्गवारी केली. हे सारे कार्य मोलाचे आहे. तथापि या विवेचनात भावना ही ज्याच्या मनात उठते त्याचीच असते, असे बहुधा गृहीत धरलेले असते. आणि पुढाऱ्याच्या बाबतीत नेमके हेच गृहीतक लंगडे पडते.

कारण पुढाऱ्याच्या मनातील संताप हा सर्वस्वी त्याचा नसतोच. ज्या बाईला पहाटे तीन वाजता हंडा घेऊन रांगेत उभे राहावे लागते आणि ज्या कामगाराला महागाईने घायकुतीला आणलेले असते, ती माणसे आपला संताप स्वतः वापरू शकत नाहीत. त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जावयाचे असते, त्यांचे शब्द कचेरीच्या दारापलीकडे पोहोचत नाहीत, आणि आवाज चढवला तर पोलीस चौकीवर जाण्याची वेळ त्यांच्यावरच येते. म्हणून ती आपला संताप विश्वासाने एका माणसापाशी अनामत ठेवतात. तो त्या माणसाने स्वतःच्या मानापमानाखातर उधळला तर अपहार होतो, भीतीने किंवा सौजन्याने नुसताच दाबून ठेवला तर ठेव कुजते, आणि ठेवीदारांना न विचारता सगळाच्या सगळा एका डावावर लावला तर दिवाळे निघते. पुढाऱ्याने आपल्या भावनांचा कारभार विश्वस्ताच्या सचोटीने करावा, एवढेच माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार आहे. पुढे जे सांगावयाचे ते या विधानाची रुजुवात म्हणून.

प्रथम मुलुखाची थोडी माहिती दिली पाहिजे. मुंबई शहराला नळाचे पाणी देण्यासाठी बांधलेला विहार तलाव १८६० साली पुरा झाला आणि तुळशी तलाव १८७९ साली. हे दोन्ही तलाव साष्टी बेटात, म्हणजे आपल्याच उपनगरांच्या कुशीत आहेत. त्यांचे पाणी दीर्घकाळ दक्षिणेकडच्या शहराकडे धावत राहिले, आणि ज्या डोंगरांवरून ते ओघळत आले त्यांच्या पायथ्याची गावे मात्र विहिरींवर आणि नशिबावर अवलंबून राहिली. १९५० साली उपनगरांचा एक पट्टा मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आला, आणि १९५७ साली ती हद्द पश्चिमेस दहिसरपर्यंत व पूर्वेस मुलुंडपर्यंत वाढली. तोवर ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली असलेले गोरेगाव या दुसऱ्या विस्तारात शहराचा भाग झाले. कागदावर शहरवासी झालेल्या या लोकांना कर शहराचे लागू झाले, परंतु नळ, गटार, रस्ता आणि दिवा या गोष्टी त्यांच्यापर्यंत यावयास पुष्कळ काळ लागला. आणि गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्यांच्या ज्या झोपडवस्त्या दरम्यान उभ्या राहिल्या, त्यांना तर 'अनधिकृत' या एका शब्दाने पाण्याच्या हक्कातूनच वगळण्यात आले.

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ चा. वैद्यकीय शिक्षण घेत असताना राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या ओढीने त्यांनी ते अर्ध्यावर सोडले, १९४८ साली केशव ऊर्फ बंडू गोरे या सहकाऱ्याशी विवाह केला आणि गोरेगाव ही दोघांची कर्मभूमी ठरली. दहा वर्षांनी, १९५८ साली, केशवरावांचे निधन झाले. तिशीच्या उंबरठ्यावरील ही विधवा, पदरी लहान मुलगी, मागे मोठे द्रव्यबळ नाही. अशा स्थितीत दुःखाला कवटाळून घरात बसली असती तरी कोणी नाव ठेवले नसते. परंतु केशवरावांच्या सहकाऱ्यांनी आणि मृणालताईंनी त्या दुःखातून केशव गोरे स्मारक उभे केले, आणि गोरेगावातील सभा, शिबिरे, वाचन आणि लोकांच्या अडचणींची दाद यांचे ते केंद्र झाले. दुःख ही भावना माणसाला आत ओढते. तिला बाहेर काम नेमून दिले की तीच माणसाला उभे राहावयास लावते. आधुनिक मानसशास्त्रात भावना दडपणे आणि घटनेचा अर्थ नव्याने लावणे यांत जो भेद केला जातो, त्याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

१९६१ साली त्या महानगरपालिकेत निवडून गेल्या, आणि गोरेगावच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी असा लावून धरला की लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव दिले. हंड्यांचे मोर्चे निघत, कचेरीसमोर घोषणा होत. वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते या घोषणांचे. परंतु ज्याने अशी शिष्टमंडळे जवळून पाहिली आहेत त्याला ठाऊक असते की मोर्च्याचे खरे काम आत, अधिकाऱ्याच्या मेजापाशी होते. बाहेर शंभर बाया रिकामे हंडे बडवीत असतात. आत चारपाच जणींपुढे चहा येतो. अशा वेळी अननुभवी पुढारी एक तर चहाने विरघळतो, नाही तर आपला धाक बसावा म्हणून त्या अधिकाऱ्याचाच पाणउतारा करतो. पहिल्या प्रकारात बाहेरच्या बायांचा संताप वाया जातो. दुसऱ्या प्रकारात तो एका कारकुनाच्या किंवा अभियंत्याच्या अंगावर खर्ची पडतो, आणि तो मनुष्य उद्यापासून फाइल हलवीत नाही. जो जाणता असतो तो जलवाहिनीचा व्यास विचारतो, ती कोठपर्यंत आली आहे ते विचारतो, पुढच्या टप्प्याची मंजुरी कोणाच्या सहीवाचून अडली आहे ते विचारतो, तारीख मागतो, ती लेखी घेतो, आणि बाहेर येऊन ती तारीख जमलेल्या बायांना वाचून दाखवतो. राग तसूभरही कमी झालेला नसतो. त्याला फक्त मुदत लागलेली असते. मृणालताईंची सारी कारकीर्द पाहता, रस्त्यावरचा आवेश आणि दप्तरातील तपशील यांचा हा जोड त्यांनी अखेरपर्यंत तुटू दिला नाही, असेच दिसते.

१९७२ साली त्या विधानसभेवर निवडून आल्या. महाराष्ट्रात त्या वेळी भीषण दुष्काळ होता. धान्य, तेल, साखर यांचे भाव गगनाला भिडले होते आणि शिधावाटप दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. या समितीत समाजवादी मृणालताई आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी अशा भिन्न पक्षांच्या स्त्रिया एकत्र आल्या. ज्यांना त्या काळातील समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यातील वैराची कल्पना आहे, ज्यांनी एकमेकांची वर्तमानपत्रे दोन बोटांनी धरणारी माणसे पाहिली आहेत, त्यांनाच या एकजुटीचे मोल कळेल. पक्षीय अहंता, जुने वादविवाद आणि व्यासपीठावर कोणी आधी बोलावे यासारखे मानापमान या स्त्रियांनाही होतेच. परंतु घराघरांतील बायांनी आपल्यापाशी ठेवलेला संताप रॉकेलविषयी आहे, १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात कोण कोठे होते याविषयी नाही, याचे भान त्यांनी सोडले नाही.

या आंदोलनाने निवडलेले साधन मोठे मार्मिक होते. थाळी आणि लाटणे! लाटणे प्रत्येक घरात असते, त्यासाठी वर्गणी काढावी लागत नाही. ते शस्त्र म्हणून जप्त करावे तर पोलिसाची शोभा होते, आणि शस्त्र नाही म्हणावे तर व्यंगचित्रांतून त्याचा दुसरा उपयोग प्रत्येक नवऱ्याला ठाऊक असतो. भररस्त्यात हजारो स्त्रिया थाळ्या वाजवीत चालल्या की पाहणाऱ्याच्या ओठांवर हसू येई आणि त्याच क्षणी त्या थाळीत वाढावयास काही नाही हेही त्याला उमगे. या हास्याचा राजकीय उपयोग फार मोठा होता. जो जमाव स्वतः हसू शकतो तो सहसा जाळपोळ करीत नाही. आणि ज्या मंत्र्याचे लोक हसे करतात त्याला गोळीबाराचा हुकूम देणे अवघड होते. शिवाय, पुरुष रागावला तर बाणेदार आणि बाई रागावली तर कजाग, असा जो आपल्या समाजाचा न्याय आहे, त्यावरही या लाटण्याने परस्पर तोडगा काढला. कजागपणाचे जे चिन्ह म्हणून चित्रकार वापरीत, तेच या स्त्रियांनी हातात उंच धरले आणि त्याची टवाळी करण्याची सोय ठेवली नाही. मोर्चे घरी परत जात, आणि दुसऱ्या मोर्च्याला अधिक बाया येत. कारण पहिल्या मोर्च्यातून कोणाचीही अब्रू किंवा रोजी गेलेली नसे.

जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारण्यात आली. मृणालताई काही महिने भूमिगत राहून काम करीत होत्या. नंतर त्यांना अटक झाली आणि अकोल्याच्या तुरुंगात कुष्ठरोगी आणि मनोरुग्ण स्त्रियांच्या शेजारी एकांतात ठेवण्यात आले. अशा छळाचा हेतू मनुष्याला शरीराने मारण्याचा नसून त्याचा तोल घालविण्याचा असतो. बाहेर आल्यावर, १९७७ च्या निवडणुकीत, उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेत पाठविले. आणि पाणीवाली बाई दिल्लीला निघाली असून दिल्लीवाली बाई, म्हणजे पराभूत झालेल्या पंतप्रधान, पाण्यात गेली आहे, अशी घोषणा लोकांच्या तोंडी झाली. लोकांना सूडाचा आनंद घ्यावासा वाटणे स्वाभाविक होते. परंतु ज्यांनी तो तुरुंग भोगला होता त्या बाईंनी नव्या राजवटीत देऊ केलेले मंत्रिपद स्वीकारले नाही आणि आपला मूळ व्यवसाय, म्हणजे लोकांच्या वतीने तगादा लावण्याचा, तसाच चालू ठेवला. विजयाच्या क्षणी भावनांची जी परीक्षा होते ती पराभवातील परीक्षेपेक्षा कठीण असते, कारण त्या वेळी कोणी परीक्षक समोर नसतो.

आता बलस्थानांविषयी. स्वभावातील बलस्थाने ओळखावीत आणि त्यांवर भिस्त ठेवावी, असे हल्लीची पुस्तके सांगतात. ते अर्धेच खरे आहे. प्रत्येक बलस्थानाच्या पाठीशी एक दोष उभा असतो: चिकाटीच्या मागे हटवाद, निःस्पृहतेच्या मागे इतरांविषयी तुच्छता, कनवाळूपणाच्या मागे स्वतःला जाळून घेण्याची ओढ. ज्या सेवा दलाच्या संस्कारात मृणालताई वाढल्या, त्याचे दैवत साने गुरुजी. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले आणि मंदिर उघडले. महाराष्ट्राच्या हृदयाला हात घालण्याची त्यांची ती शक्ती कोमलतेची होती. परंतु देशातील प्रत्येक दुःख ज्याच्या मनात येऊन साठत होते त्या पुरुषाने ते हलके करावयास आपल्याभोवती कोणी ठेवले नाही, आणि जून १९५० मध्ये त्यांनी आपल्या हाताने जीवनयात्रा संपविली. त्यांच्या थोरवीला यत्किंचितही उणेपणा न आणता मी म्हणेन की, लोकांची दुःखे सांभाळणाऱ्याने स्वतःच्या मनाचा भारही कोणाशी तरी वाटून घेतला पाहिजे. तसे करणे हे दौर्बल्य नसून विश्वस्ताचे कर्तव्य आहे.

मृणालताईंच्या बाबतीत हा भार वाटून घेणारे सहकारी होते, आणि त्यांत पी. बी. ऊर्फ बाबूराव सामंत यांचे नाव अग्रभागी येते. रस्त्यावर लोकांना उभे करण्याचे बळ बाईंचे. कायद्याची कलमे, शासकीय ठराव आणि न्यायालयातील अर्ज यांत रमण्याचे बळ बाबूरावांचे. सिमेंट वाटपातील गैरव्यवहाराच्या प्रकरणी सामंत यांनी केलेल्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये निर्णय दिला, आणि मुख्यमंत्री अंतुले यांना पद सोडावे लागले. याच जोडीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेद्वारे आणखी एक दीर्घ काम हाती घेतले. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखाली सरकारला मिळावयाची अतिरिक्त जमीन गोरगरिबांच्या घरांसाठी द्यावी, ही त्यांची मागणी होती. आणि वर्षानुवर्षांच्या अर्ज, मोर्चे व न्यायालयीन लढ्यांनंतर गोरेगाव पूर्वेस दिंडोशी येथे सहा हजारांहून अधिक घरांची वसाहत उभी राहिली. घराची आशा वर्षानुवर्षे जिवंत ठेवणे हे संताप सांभाळण्याहून अवघड काम आहे, कारण संताप निदान रोज नवे निमित्त शोधून ताजा होतो. आशेला मात्र दर सभेत खरा हिशेब द्यावा लागतो, आणि 'यंदाही नाही' हे वाक्य तोंडावर सांगण्याचे धैर्य लागते.

सिमेंट प्रकरणाचा निर्णय लागला त्याच जानेवारी १९८२ मध्ये आपल्या उपनगरातील दुसऱ्या एका पुढाऱ्याने मुंबईच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या संपाचे शिंग फुंकले. डॉ. दत्ता सामंत यांनी घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवीत असताना दगडखाणीतील मजुरांची दुःखे जवळून पाहिली आणि त्यांतूनच ते कामगार चळवळीत आले. त्यांची निर्भयता, कामगारांविषयीची आत्मीयता आणि स्वतःसाठी काही न मागण्याची वृत्ती यांविषयी त्यांच्या विरोधकांनीही फारशी शंका घेतली नाही. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक संघटनेचा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेला होता. त्याखेरीज कोणाशी बोलणी करण्यास मालक व सरकार तयार नव्हते, गिरण्यांतून अंग काढून घेण्यास काही मालक उत्सुकच होते, आणि यंत्रमागांकडे उत्पादन वळत चालले होते. संपाच्या पराभवाचे खापर एका माणसाच्या माथी फोडणे म्हणूनच अन्यायाचे आहे. तरीही आपल्या विषयापुरता एक प्रश्न उरतो. अडीच लाख कुटुंबांनी ठेवलेला संताप एका झुंजीत सर्वच्या सर्व लावला गेला. थोडा काढून घेण्याची, थोड्यावर तडजोड करण्याची, पुन्हा जमविण्याची वाट त्या झुंजीत ठेवलेली नव्हती. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो माणसामाणसाच्या घरी, चुलीपाशी, एकेकट्याने संपला. ज्या कामगारांनी डॉक्टरांवर निस्सीम प्रेम केले, त्यांनी १९८४ साली त्यांना लोकसभेतही पाठविले. आणि १६ जानेवारी १९९७ रोजी पवईजवळ मारेकऱ्यांनी त्यांची हत्या केली तेव्हा ते प्रेम पुन्हा रस्त्यावर दिसले. प्रेम शेवटपर्यंत टिकले. गिरणी टिकली नाही.

याच्या उलट, फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवून पोलिसांना ठार केले तेव्हा गांधीजींनी देशव्यापी आंदोलन एकाएकी स्थगित केले, आणि मोतीलाल व जवाहरलाल नेहरूंसह तुरुंगातील सहकारी त्यांच्यावर संतापले. तो निर्णय बरोबर की चूक, याविषयी आजही वाद होतो. परंतु लोकांचा संताप चढाला लागलेला असताना तो थांबविण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि त्या थांबविण्याची अप्रीती सोसण्याची जबाबदारीही आपलीच आहे, हे त्यांनी मानले. नेत्याची पारख आरंभावरून करावयाची आपल्याला सवय आहे. मी ती त्याने कोठे थांबविले, किंवा थांबविले नाही, यावरून करावी असे सुचवीन.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांवर मोर्चा काढण्याची पाळी येणार नाही. परंतु उपनगरातील नेतृत्वाचे सर्वांत सार्वत्रिक पद कोणते असेल तर ते सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीचे, आणि त्या पदाला मानधन नसले तरी शिव्यांची तरतूद भरपूर असते. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या कोणत्याही इमारतीच्या तळमजल्यावर, मोटारी बाजूला काढून मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, सप्टेंबर महिन्यात भरणारी सर्वसाधारण सभा आठवून पाहा. पाण्याच्या टँकरचे बिल वाढले आहे. तिसऱ्या मजल्यावरील एक गृहस्थ उठून म्हणतात की समितीने टँकरवाल्याशी संगनमत केले आहे. सेक्रेटरीचा चेहरा लाल होतो, आणि तो उत्तर देतो: 'तुमचीच आठ महिन्यांची थकबाकी आहे, ती आधी भरा.' टाळ्या पडतात, सेक्रेटरी जिंकतो, आणि त्या क्षणापासून सभेत पाण्याविषयी एक शब्दही बोलला जात नाही. दोन्ही बाजूंची घरे आपापल्या मजल्यावर जाऊन दारे लावून घेतात, आणि पुढल्या महिन्यात टँकर येतच राहतो.

त्या सेक्रेटरीचा राग खोटा नव्हता. फुकट राबणाऱ्या माणसावर चोरीचा आळ आला तर रक्त तापणारच. परंतु त्या खुर्चीत बसलेल्या माणसापाशी त्या दिवशी सर्व मजल्यांची पाण्याविषयीची चिंता येऊन जमा झालेली होती, आणि तिच्यातून त्याने स्वतःच्या अब्रूची भरपाई वसूल करून घेतली. त्याने टँकरच्या पावत्या पटलावर ठेवल्या असत्या, आरोप करणाऱ्यालाच पुढील दरपत्रके मागविण्याच्या उपसमितीवर नेमले असते, आणि महापालिकेच्या जलखात्याकडे करावयाच्या अर्जावर तेथल्या तेथे सर्वांच्या सह्या घेतल्या असत्या, तर त्याचा अपमान कदाचित भरून निघाला नसता. पाण्याचा प्रश्न मात्र एक पाऊल पुढे सरकला असता. थकबाकीची नोटीस दुसऱ्या दिवशी, शांतपणे, नियमाप्रमाणे पाठविता आली असती. आज आपल्या उपनगरांत जागोजागी जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे, आणि भावाभावांत, शेजाऱ्याशेजाऱ्यांत जे दावे उभे राहत आहेत, त्यांतील कितीएक दावे चटईक्षेत्राच्या हिशेबापेक्षा अशाच एखाद्या सभेत बोललेल्या एका वाक्यापासून सुरू झालेले असतात, हे वकिलांना विचारून पाहावे.

कोणी असा आक्षेप घेईल की स्वभावाला औषध नसते. जो तापट तो तापटच राहावयाचा. मला हे मान्य नाही, आणि ते मान्य नसण्याचे कारण मानसशास्त्र नसून पद्धत हे आहे. तापट माणसाने थंड होण्याची खटपट करू नये. त्याने बोलण्याआधी लिहिण्याची, एकट्याने भेटण्याऐवजी दोघांनी जाण्याची, आणि उत्तर देण्याऐवजी तारीख मागण्याची सवय लावून घ्यावी. भिडस्त माणसानेही धीट होण्याच्या नादी न लागता आपल्याजवळ एक धीट सहकारी ठेवावा. समितीतील जागा या कामासाठीच असतात. ज्याच्या अंगी सारे गुण आहेत असा पुढारी मी तरी पाहिलेला नाही. परंतु आपल्यापाशी कोणता गुण नाही हे ओळखून तो दुसऱ्याकडून मनःपूर्वक मागून घेणारे पुढारी पाहिले आहेत, आणि त्यांचीच कामे तडीस गेली आहेत.

मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी निवर्तल्या. विरोधी पक्षनेतेपद त्यांनी भूषविले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी विधानसभेत विधेयक आणले, आणि १९८८ साली तसा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. गोरेगावात आज त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे आणि त्यावरून रोज हजारो वाहने जातात. स्मारके व्हावीत, परंतु स्मृतिव्याख्यान ऐकावयास आलेल्या आपणांस माझी विनंती निराळी आहे. येत्या सर्वसाधारण सभेत, मंडळाच्या बैठकीत किंवा शाळेच्या पालकसभेत बोलावयास उठण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: हा राग कोणाचा आहे, आणि तो खर्च केल्यावर ज्यांचा आहे त्यांच्या हाती काय पडणार आहे? उत्तर समाधानकारक असेल तर अवश्य उठावे आणि खड्या आवाजात बोलावे. नसेल तर त्या दिवशी बसून राहावे, इतिवृत्त नीट वाचून त्यावर सही करावी आणि पुढच्या सभेला पावत्या घेऊन यावे.